आकाशातील डोळा आणि जमिनीवरचा हिशेब

पालघरच्या सिडको मैदानावर ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते एकाच व्यासपीठावरून दोन कामांचा प्रारंभ झाला. पहिले काम डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराचे. त्याचा मंजूर खर्च सुमारे ७६ हजार २२० कोटी रुपये. दुसरे काम मासेमारी बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसविण्याचे. देशातील १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख बोटींसाठी आखलेल्या या योजनेचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. पहिल्या कामाविरुद्ध किनारपट्टीवरील मच्छीमार वर्षानुवर्षे आंदोलन करीत होते. दुसरे काम त्याच मच्छीमारांच्या जिवाच्या रक्षणासाठी होते. साहजिकच दुसऱ्या दिवशी ठळक बातमी बंदराची झाली आणि ट्रान्सपाँडरचा उल्लेख चार ओळींत आटोपला.

अवकाश संशोधनावर इतका पैसा खर्च करणे भारतासारख्या देशाला परवडते काय, हा प्रश्न दर यशस्वी आणि दर अयशस्वी उड्डाणानंतर विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा श्रीहरिकोटा किंवा बंगळुरूकडे पाहून दिले जाते. ते वसई-विरारसारख्या ठिकाणी उभे राहून शोधले, तर अधिक उपयोगी ठरण्याचा संभव आहे. कारण या एका पट्ट्यात खवळणारा समुद्र आहे, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या वसाहती आहेत, बुजत चाललेली खाजणे आणि बावखले आहेत, आणि नियोजनाला न जुमानता उभ्या राहिलेल्या इमारतीही आहेत. उपग्रहाला या सगळ्या गोष्टी दिसतात. त्या दिसल्याने येथील नागरिकाचे काय भले होते, हा खरा प्रश्न आहे.

खर्च नेमका किती?

प्रथम आकडे पाहू. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अवकाश विभागासाठी १३ हजार ४१६ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्या वर्षीचा एकूण अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा होता. म्हणजे केंद्राच्या खर्चातील दर शंभर रुपयांपैकी सुमारे २६ पैसे अवकाशाच्या वाट्याला आले. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी वर्षाला ९६ रुपयांच्या आसपास रक्कम होते. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्या हिशेबाने या शहराचा वाटा वर्षाला १२ कोटींच्या आत येतो. आजची लोकसंख्या बरीच वाढली आहे. ती दुप्पट धरली तरी हा वाटा २५ कोटींच्या पुढे जात नाही.

याच परिसरातील अन्य प्रकल्पांशी तुलना केली की या रकमेचा आकार ध्यानात येतो. विरार व बोईसर येथे थांबा असलेल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ मंजूर खर्च एक लाख आठ हजार कोटी रुपयांचा होता. तो अवकाश विभागाच्या सुमारे आठ वर्षांच्या तरतुदीइतका आहे. एकट्या वाढवण बंदराच्या खर्चात हा विभाग साडेपाच वर्षांहून अधिक काळ चालू शकेल. अर्थात ही तुलना जपूनच केली पाहिजे. बुलेट ट्रेनचा मोठा हिस्सा जपानच्या कर्जातून येतो, बंदरात खासगी भांडवलाचाही वाटा आहे आणि दोन्हींचा खर्च अनेक वर्षांत विभागलेला आहे. शिवाय दुसरा खर्च मोठा आहे म्हणून पहिला योग्य ठरतो, असा युक्तिवाद करता येत नाही. मात्र अवकाश संशोधन देशाची तिजोरी रिकामी करीत आहे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

चंद्र आणि भाकरी

तरीही आक्षेप संपत नाही, कारण तो केवळ आकड्यांचा नाही. ज्या पालघर जिल्ह्यातील मच्छीमारांसाठी उपग्रह वापरले जाणार आहेत, त्याच जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा आहेत. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये झालेल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर तीन दशके उलटली, ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला, पण या तालुक्यांतील कुपोषणाची चर्चा थांबली नाही. दिवाळीनंतर येथील आदिवासी कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला उतरतात. त्यांच्या मुलांना पोटभर अन्न मिळत नसताना चंद्रावर यान कशासाठी पाठवायचे, या प्रश्नाला भाबडा म्हणून उडवून लावणे शोभणारे नाही.

हा प्रश्न केवळ भारतापुढेच आला असेही नाही. अपोलो मोहिमेच्या ऐन भरात, १९६६ च्या सुमारास, अमेरिकेच्या संघराज्य अर्थसंकल्पातील चार टक्क्यांहून अधिक रक्कम 'नासा'कडे जात होती. जुलै १९६९ मध्ये 'अपोलो ११'च्या उड्डाणाच्या पूर्वसंध्येला नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ अॅबरनथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केप केनेडी येथे निदर्शनांसाठी पोहोचले होते. 'नासा'चे प्रमुख थॉमस पेन यांनी बाहेर येऊन त्यांची भेट घेतली आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. त्यानंतरच्या काळात 'नासा'ची तरतूद पुष्कळच कमी झाली, परंतु वाचलेल्या पैशाने अमेरिकेतील दारिद्र्य काही नाहीसे झाले नाही. एका खात्याचा खर्च कापला की तो पैसा आपोआप गरिबाच्या ताटात जातो, असे सरकारी हिशेबात घडत नाही.

वसई-विरारचा अनुभवही याहून वेगळा नाही. या शहराला अनेक वर्षे पाणीटंचाईने ग्रासले. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेतील दररोजच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी १८५ दशलक्ष लिटर पाणी या शहरासाठी मंजूर होते. ते येण्यास जो विलंब झाला, त्याचे कारण एखादी चांद्रमोहीम नव्हती. जव्हार-मोखाड्यातील कुपोषणामागेही स्थलांतर, रस्त्यांची दुरवस्था, आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे आणि रोजगार हमीच्या कामांतील अनियमितता ही कारणे वारंवार पुढे आली आहेत. तेथे पैसा लागतोच. पण मंजूर झालेला पैसा वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचविणारी यंत्रणा त्याहून अधिक लागते. म्हणून 'चंद्र की भाकरी' अशी निवड समोर ठेवली की चर्चा सोपी होते, पण भाकरी न मिळण्यास जे जबाबदार आहेत ते नामानिराळे राहतात.

समुद्रावरचा माणूस

आता उपयोगाची बाजू पाहू. नायगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर आणि अर्णाळा येथील कोळीवाड्यांचे जीवन समुद्रावर अवलंबून आहे. किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइलचा संपर्क तुटतो. बोटीवरील तांडेल आणि खलाशी कित्येक दिवस पाण्यावर असतात. अशा वेळी वादळाची बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोहोचवायची, हा जुना प्रश्न आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' चक्रीवादळाने कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांना मोठा तडाखा दिला. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस 'ओखी' वादळ आले तेव्हा केरळ व तमिळनाडूतील शेकडो बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. उपग्रहाला वादळ दिसत होते, हवामान खात्याला ते कळले होते. पण ज्यांना कळायला हवे होते त्यांच्यापर्यंत निरोप नेण्याचे साधन नव्हते. अनेक मच्छीमार प्राणास मुकले, आणि कित्येक बोटी भरकटत थेट सिंधुदुर्गातील देवगडच्या आश्रयाला आल्या. त्या दुर्घटनेनंतर बोटींना उपग्रहाद्वारे संदेश देण्याच्या प्रयत्नांना गती मिळाली. पालघरच्या कार्यक्रमात जाहीर झालेला ट्रान्सपाँडर हे त्याचेच फलित. 'इस्रो'ने विकसित केलेल्या या उपकरणातून किनाऱ्यावरचा इशारा बोटीवर जातो, आणि बोट संकटात सापडली तर तेथूनही संदेश धाडता येतो. त्यासाठी वापरला जाणारा 'जीसॅट-६' हा उपग्रह ऑगस्ट २०१५ मध्ये सोडण्यात आला होता.

दुसरी सेवा मासळीच्या ठावठिकाण्याची. 'ओशनसॅट' मालिकेतील उपग्रह समुद्राच्या पाण्याचा रंग टिपतात. त्यावरून हरितद्रव्याचे, म्हणजेच सूक्ष्म वनस्पतींचे प्रमाण समजते. पृष्ठभागाच्या तापमानाची नोंद त्याच्याशी जुळवून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, याचा अंदाज हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांना देते. बांगडा, तारली यांसारख्या थव्याने फिरणाऱ्या मासळीच्या मागे जाणाऱ्या बोटींचा यामुळे डिझेलचा खर्च वाचू शकतो. वसई-अर्णाळ्याच्या बोंबिलावर जगणाऱ्या मच्छीमाराला मात्र याचा लाभ मर्यादितच आहे. त्याचे डोल जाळे समुद्रात ठराविक जागी रोवलेल्या खुंटांना बांधलेले असते आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी त्यात शिरते. मासळी अमुक ठिकाणी आहे, हे कळले तरी तो आपली कव उचलून तेथे नेऊ शकत नाही. उपग्रहाच्या लाभाचे गोडवे गाताना हा फरक बहुधा विसरला जातो. किनाऱ्यावरील प्रत्येक समाजाची गरज निराळी असते, आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही.

वादळाच्या इशाऱ्याबाबत मात्र असा फरक उरत नाही. मे २०२१ मधील 'तौक्ते' चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधीच लागली होती. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचे आणि गेलेल्यांना परतण्याचे आदेश निघाले. १७ मे रोजी हे वादळ मुंबई, वसई, पालघर या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे सरकले. त्याच दिवशी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते. त्यांपैकी सत्तरहून अधिक जणांचा मृत्यू झाला. तेथे इशारा नव्हता असे कोणीही म्हणू शकत नाही. उपग्रहाने आपले काम केले होते, हवामान खात्यानेही केले होते. इशारा हाती आल्यावर माणसांना सुरक्षित जागी आणण्याचा निर्णय घ्यायचा होता, तो वेळेत घेतला गेला नाही.

ओडिशाचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळीही भारताचे 'इन्सॅट' उपग्रह आकाशात होते आणि वादळाची छायाचित्रे मिळत होती. त्यानंतर ओडिशाने आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभारली, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले आणि मृतांची संख्या दोन आकड्यांत राहिली. मधल्या काळात उपग्रह व अंदाजाचे तंत्र सुधारले हे खरेच. पण निवारे आणि रस्ते नसते, तर त्या सुधारणेने इतके जीव वाचले नसते. अवकाशातील गुंतवणुकीचे मोल जमिनीवरच्या तयारीने किती पटींनी वाढते, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही.

दिसते, पण रोखले जात नाही

समुद्राकडून जमिनीकडे वळले की वसई-विरारचे दुखणे अधिक स्पष्ट होते. जुलै २०१८ मधील मुसळधार पावसात हे शहर अक्षरशः बेटांमध्ये विभागले गेले. नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या, लांब पल्ल्याची गाडी प्रवाशांसह अडकली, वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो रहिवाशांना पाण्याने वेढले. पुढे पूरस्थितीच्या कारणांचा अभ्यास करण्यासाठी आयआयटी मुंबई आणि 'नीरी' या संस्थांच्या तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली.

पाऊस जास्त झाला हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. पूर्वी पावसाचे पाणी सामावून घेणारी भातशेती, खाजणे, मिठागरे आणि वसईच्या गावागावांतील बावखले गेल्या तीन दशकांत भरावाखाली गेली. नाल्यांची रुंदी कमी झाली, समुद्राकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटा अडल्या. १९९० मध्ये या पट्ट्यासाठी 'सिडको'ची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली तेव्हापासून हरित पट्टा वाचविण्यासाठी येथील नागरिकांनी लढा दिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे लोक त्या लढ्याच्या अग्रभागी होते. त्यांच्याकडे उपग्रहाची छायाचित्रे नव्हती. डोळ्यांनी दिसणाऱ्या बदलांवरूनच ते इशारा देत होते.

आता ती छायाचित्रेही उपलब्ध आहेत. भारताचा पहिला कार्यक्षम दूरसंवेदन उपग्रह 'आयआरएस-१ए' मार्च १९८८ मध्ये सोडण्यात आला आणि त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांच्या संरक्षणाचा आदेश दिला, तेव्हा उपग्रह छायाचित्रांवरून कांदळवनांचे नकाशे तयार करण्याचे काम याच केंद्राकडे सोपविले गेले. तिवरांची झाडे कोठे होती आणि कोठे राहिली नाहीत, हे न्यायालयात सिद्ध करण्याचे साधन त्यामुळे प्रथमच मिळाले. २०१८ मध्ये न्यायालयाने कांदळवने तोडण्यावरील बंदी कायम केली. एका अर्थाने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अवकाश संशोधनाने दिलेली ही सर्वांत मोलाची साक्ष म्हणावी लागेल.

परंतु साक्ष असणे आणि तिची दखल घेतली जाणे यांत अंतर असते. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या भूखंडावर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. त्या एका रात्रीत उभ्या राहिल्या नाहीत. पाया खणण्यापासून चौथा मजला चढेपर्यंत त्यांच्यावरून उपग्रह कितीतरी वेळा गेले. अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या प्रारंभी त्या जमीनदोस्त करण्यात आल्या. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली हजारो माणसे रस्त्यावर आली. पहिल्या इमारतीचा पाया पडला त्याच वर्षी ती बाब ध्यानात घेतली गेली असती, तर या कुटुंबांची फसवणूक टळली असती. त्यासाठी कोणतेही नवे संशोधन आवश्यक नव्हते. विकास आराखडा आणि उपग्रहाचे छायाचित्र शेजारी ठेवून पाहणारा एक जबाबदार अधिकारी आणि त्याचा अहवाल मान्य करणारी व्यवस्था पुरेशी होती.

प्राधान्य कशाला?

येथवरचा युक्तिवाद हवामान, दळणवळण व दूरसंवेदन यांच्या उपग्रहांविषयीचा झाला. चंद्र, मंगळ आणि मानवी अवकाशप्रवास यांचे समर्थन त्यातून आपोआप होत नाही. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करण्याची सवय समर्थकांना आहे, तशीच टीकाकारांनाही.

'चांद्रयान-१'वर सुमारे ३८६ कोटी, 'मंगळयाना'वर ४५० कोटी आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेल्या 'चांद्रयान-३'वर सुमारे ६१५ कोटी रुपये खर्च झाले. अन्य देशांच्या तुलनेत हे खर्च अत्यल्प आहेत. अचूक दिशादर्शन, दूरवरच्या यानाशी संपर्क, स्वयंचलित निर्णय घेणारी यंत्रणा ही या मोहिमांतून हाती आलेली क्षमता पुढच्या उपग्रहांनाही उपयोगी पडते. क्रायोजेनिक इंजिनाचा इतिहास याबाबत बोलका आहे. रशियाकडून हे तंत्रज्ञान मिळण्याचा करार अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ मध्ये फिसकटला, आणि स्वदेशी इंजिनाचे यशस्वी उड्डाण होण्यास जानेवारी २०१४ उजाडले. मधली वीस वर्षे खर्चाची व अपयशांची होती. पण त्या जातीच्या अग्निबाणानेच फेब्रुवारी २०२४ मध्ये 'इन्सॅट-३डीएस' हा हवामान उपग्रह कक्षेत नेला. आज वसईचा तांडेल ज्या अंदाजावर विसंबतो, त्यामागे त्या वीस वर्षांचाही वाटा आहे.

'गगनयान' या मानवी मोहिमेचे गणित निराळे आहे. २०१८ मध्ये ९ हजार २३ कोटी रुपयांची मंजुरी मिळालेल्या या कार्यक्रमाची व्याप्ती सप्टेंबर २०२४ मध्ये वाढविण्यात आली आणि एकूण रक्कम २० हजार १९३ कोटींवर गेली. त्यातून मिळणारी प्रतिष्ठा मोठी असेल, तंत्रज्ञानही मिळेल; पण किनाऱ्यावरील किंवा शेतातील माणसाला होणारा लाभ दूरचा आणि अनिश्चित आहे. त्याच सुमारास नित्याच्या उपयोगाच्या उपग्रहांना मात्र धक्के बसले. स्वदेशी दिशादर्शन मालिकेतील 'एनव्हीएस-०२' जानेवारी २०२५ मध्ये अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही. मे २०२५ मध्ये 'पीएसएलव्ही-सी६१'च्या अपयशामुळे 'ईओएस-०९' हा रडार उपग्रह गमवावा लागला. रडार उपग्रहाला ढगांच्या आडून जमीन दिसते. पावसाळ्याचे चार महिने ढगांनी झाकलेल्या कोकणात पुराचे पाणी कोठवर पसरले आहे, हे साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला कळत नाही, रडारला कळते. अमेरिकेबरोबर संयुक्तपणे उभारलेला 'निसार' उपग्रह जुलै २०२५ मध्ये यशस्वीपणे कक्षेत गेला, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. त्यातील 'इस्रो'चा वाटा ७८८ कोटी रुपयांचा आहे.

म्हणूनच 'अवकाश संशोधन हवे की नको' असा सरसकट प्रश्न विचारण्यापेक्षा त्या १३ हजार कोटींत कोणत्या गोष्टीला किती वाटा मिळतो, याची चर्चा संसदेत आणि बाहेर व्हावयास हवी. अवकाश क्षेत्रात गुंतविलेल्या प्रत्येक रुपयामागे अर्थव्यवस्थेला २ रुपये ५४ पैसे परत मिळाले, असा निष्कर्ष 'इस्रो'च्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासातून २०२४ मध्ये जाहीर झाला. तो उत्साहवर्धक आहे. परंतु ज्या संस्थेच्या खर्चाचा हिशेब करायचा, तिनेच करवून घेतलेला अभ्यास अखेरचा शब्द मानता येत नाही. आणि वाचलेल्या एका जिवाची किंमत अशा सरासरीत मावतही नाही.

थुंब्याचे ऋण

भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा आरंभ एका कोळीवाड्यात झाला, हे या संदर्भात आठवणे आवश्यक आहे. केरळमधील थुंबा हे गाव चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे विक्रम साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाण सोडण्यासाठी ती जागा निवडली. जागा शोधणाऱ्यांत एकनाथ चिटणीस हे महाराष्ट्राचे शास्त्रज्ञही होते. तेथे सेंट मेरी मॅग्डलीन चर्च होते आणि भोवती ख्रिस्ती मच्छीमारांची वस्ती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या लोकांपुढे विषय ठेवला, आणि त्या मच्छीमारांनी चर्च व घरे सोडून दुसरीकडे जाण्यास संमती दिली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण झेपावला. चर्चची इमारत शास्त्रज्ञांची कार्यशाळा झाली. वसईच्या कोळीवाड्यांतील ख्रिस्ती वस्त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. अवकाश संशोधनाची पहिली किंमत समुद्रावर जगणाऱ्या माणसांनी मोजली आहे.

साराभाईंच्या मनात चंद्रावर जाण्याची स्पर्धा नव्हती. प्रगत तंत्रज्ञान सामान्य माणसाच्या प्रश्नांसाठी वापरण्यात देशाने कोणाच्याही मागे राहू नये, असा त्यांचा आग्रह होता. चिटणीस यांच्या नेतृत्वाखाली १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला, तो सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत पोहोचला. आकाशातील उपग्रह अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळाला होता. गावात संच बसविणे, तो चालू ठेवणे आणि लोकांना उपयोगी पडतील असे कार्यक्रम तयार करणे हे खरे कष्टाचे काम जमिनीवर झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी चिटणीस यांचे निधन झाले, तेव्हा त्या प्रयोगाची पुन्हा आठवण निघाली.

त्या कसोटीवर आजचा हिशेब मांडता येतो. अवकाश संशोधन आवश्यक आहे आणि त्याचा खर्च देशाला परवडणारा आहे. तो वसूल होतो की नाही, हे मात्र श्रीहरिकोट्याला ठरत नाही. ते ठरते पाचूबंदरच्या धक्क्यावर, महापालिकेच्या नगररचना विभागात आणि जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती कक्षात. अर्णाळ्याच्या प्रत्येक बोटीवर चालू स्थितीतील ट्रान्सपाँडर असेल आणि त्यावरचा इशारा मराठीत येईल, दर वर्षी उपग्रहाचे ताजे छायाचित्र विकास आराखड्याशी ताडून त्यातील तफावत जनतेसमोर मांडली जाईल, पाणी भरणाऱ्या वस्त्यांचे नकाशे पावसाळ्याआधी प्रभागाप्रभागांत लावले जातील, तर माणशी वर्षाला ९६ रुपये हा सौदा स्वस्तच म्हणावा लागेल. यांपैकी काहीच झाले नाही, तर वरून सारे काही स्वच्छ दिसत राहील आणि खाली दर जुलैत मिठागरातील माणसे कंबरभर पाण्यात मदतीची वाट पाहत उभी असतील.